नस्तर : बायरनचे शेवटचे दहा दिवस

५ जानेवारी १८२४ रोजी लाल लष्करी पोशाखातला इंग्लिश कवी लॉर्ड बायरन ग्रीसमधल्या मिसोलाँगीच्या काठावर उतरला, तेव्हा तोफांची सलामी झाली, बंदुका झडल्या आणि गावातली पोरंसोरं, म्हातारेकोतारे, धर्मगुरू सगळे पाण्यापाशी लोटले. हाच माणूस आठ वर्षांपूर्वी, २५ एप्रिल १८१६ रोजी, डोव्हरहून निघाला तेव्हा त्याला निरोप द्यायला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच माणसं होती. बायको तान्ह्या मुलीला घेऊन माहेरी गेलेली, सावत्र बहिणीवरून लंडनभर कुजबुज, सावकार दाराशी. हद्दपारीचा हुकूम कुणी काढला नव्हता. एकेक दार बंद होत गेलं, एवढंच. तो परत गेला नाही.

मधली वर्षं जिनिव्हा, व्हेनिस, रावेन्ना, पिसा, जिनोआ अशी गेली. ‘डॉन जुआन’ लिहायला घेतलं आणि ते सतराव्या सर्गात अडलं. १८२२ मध्ये मित्र शेली समुद्रात बुडाला. १८२३ मध्ये लंडनच्या ग्रीक कमिटीने तुर्कांशी लढणाऱ्या ग्रीकांसाठी त्याची मदत मागितली आणि तो निघाला. ग्रीक आरमाराला पगार मिळेना म्हणून स्वतःच्या खिशातले ४,००० पौंड दिले, पाचशेक सूलियोट लढवय्ये पदरी ठेवले. त्यांना तुर्कांच्या ताब्यातल्या लेपांतोच्या किल्ल्यावर न्यायचं असा बेत होता. सूलियोट मात्र आपसांत भांडत, पगारवाढ मागत आणि किल्ल्याच्या भिंतींशी लढायला आम्ही बांधलेले नाही असं सांगत. मोहीम निघालीच नाही.

पुढची कथा कळायला फेब्रुवारीतला एक प्रसंग हाताशी हवा. १५ तारखेच्या संध्याकाळी बायरनला जोराची आकडी आली, वाचा बंद झाली, तोंड वाकडं झालं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कानशिलांना जळवा लावल्या. त्या धमनीच्या इतक्या जवळ बसल्या की रक्त काही केल्या थांबेना आणि तो बेशुद्ध पडला. पुढे बरा होत असताना त्याने तरुण इंग्लिश डॉक्टर ज्युलियस मिलिंजेनला मनातलं सांगितलं. जगण्याची आपल्याला फारशी हाव नाही, भीती दोनच गोष्टींची आहे : अंथरुणावर तिळतिळ मरणं, नाहीतर जोनाथन स्विफ्टसारखं डोकं जाऊन खुळ्यागत हसत बसणं. डॉक्टरने हे लक्षात ठेवलं.

९ एप्रिल, शुक्रवार. दहा दिवस उरले.

सकाळी इंग्लंडची डाक आली. बहीण ऑगस्टाच्या पत्रात आठ वर्षांच्या एडाची खुशाली होती, सोबत तिच्या चेहऱ्याची काळ्या छायेत काढलेली आकृती. बायरनने ही मुलगी जेमतेम पाच आठवड्यांची असताना शेवटची पाहिली होती. तो खुशीत होता. आभाळ भरून आलं होतं तरी पिएत्रो गांबाला घेऊन घोड्यावरून बाहेर पडला. पिएत्रो हा त्याच्या इटालियन प्रेयसीचा, तेरेसा ग्विचोलीचा भाऊ.

गावापासून तीन मैलांवर पावसाने गाठलं. आता मिसोलाँगी म्हणजे उथळ खाडीच्या काठाशी वसलेलं, चिखलात रुतलेलं गाव. वेशीजवळचा रस्ता इतका खराब की घोडे बाहेरच सोडायचे आणि सपाट बुडाच्या होडीतून पाण्याने घराशी यायचं, असा रोजचा रिवाज होता. त्या दिवशी गांबाने विनवलं की अंग घामाने आणि पावसाने निथळतंय, उघड्या होडीत अर्धा तास बसण्यापेक्षा घोड्यावरूनच घरापर्यंत जाऊ. बायरनने ते हसण्यावारी नेलं. एवढ्याने भ्यायचं तर सैनिक व्हायला कशाला आलो, असा त्याचा रोख होता.

घरी आल्यावर दोन तासांत हुडहुडी भरली. ताप, सांधे ठणकणं. गांबा खोलीत गेला तेव्हा बायरन सोफ्यावर पडून होता आणि दुखण्यापेक्षा अस्वस्थतेनेच हैराण झालेला दिसत होता.

१० एप्रिल, शनिवार.

पाऊस यायच्या आत फिरून यावं म्हणून नेहमीपेक्षा तासभर आधी निघाला. ऑलिव्हच्या बागांतून रपेट झाली, गप्पाही झाल्या. खोगीर कालच्या पावसाने ओलंच होतं. परतल्यावर त्यावरून त्याने मोतद्दाराला फैलावर घेतलं. ही त्याची शेवटची रपेट.

१२ आणि १३ एप्रिल.

सोमवारपासून अंथरूण. त्याचा खासगी डॉक्टर फ्रान्चेस्को ब्रुनो हा नुकताच शिकून बाहेर पडलेला इटालियन. मालकाचा आवाज चढला की त्याचे हातपाय गळत. एरंडेल दिलं, गरम पाण्याने अंघोळ घातली, उतार नाही. मग त्याने त्या काळच्या कुठल्याही डॉक्टरने सांगितलं असतं तेच सांगितलं : शीर उघडून रक्त काढू. ताप म्हणजे रक्ताचा उपद्रव, तो कमी करायचा तर रक्त कमी करायचं. पॅरिस, लंडन, एडिनबरा, सगळीकडे हेच शिकवत. तेव्हा ब्रुनो अडाणी होता असं म्हणता येत नाही.

बायरनने साफ नाही म्हटलं. भाल्याने जितके मेले त्याहून जास्त या नस्तराने मेले आहेत, असं एका डॉक्टरच्याच पुस्तकात वाचल्याचा दाखला त्याने दिला. शिवाय रक्त काढू देणार नाही असं वचन आईने आपल्याकडून घेतलं आहे, हेही सांगितलं.

विल्यम पॅरी नावाचा एक जण या घरात होता. दारूगोळ्याचा कारागीर, बोलायला रांगडा, ब्रँडीला पक्का. कमिटीने त्याला तोफखाना उभारायला पाठवलं होतं. शिकलेल्या साहेबांना तो नकोसा होता, बायरनला त्याच्याशी बोलणं आवडे. पॅरीचं म्हणणं एकच : या दलदलीतून आधी बाहेर काढा, झांते बेटावर न्या, तिथे चांगले डॉक्टर आहेत. १३ तारखेला होडी तयार झाली आणि त्याच दिवशी दक्षिणेकडून सिरोक्को वारा सुटला. समुद्र खवळला, पाऊस कोसळायला लागला, बंदरातून काहीही हलेना. पुढे काय झालं हे माहीत असलेल्या वाचकाला इथेच हळहळ वाटते. होडी निघाली असती तर तो वाचलाच असता असं नाही, पण निदान ब्रुनो आणि मिलिंजेन या दोन डॉक्टरांच्या हातून सुटला असता.

१५ एप्रिल, गुरुवार. संध्याकाळी सात ते रात्री दहा. ९५ तास उरले.

हे तीन तास पॅरी त्याच्या खाटेशी बसून होता. बायरन बायकोविषयी, एडाविषयी, मरणाविषयी बोलला. ग्रीसमधून गाशा गुंडाळून घरच्यांसोबत राहायचे बेत सांगितले. ताप होता, पण बोलण्याला धरबंध होता, असं पॅरी लिहितो. अर्थात पॅरीचं पुस्तक म्हणजे पॅरीच कसा शहाणा ठरला याचंही पुस्तक आहे. या घरातल्या जवळजवळ प्रत्येकाने पुढे काही ना काही छापलं : गांबाने १८२५ मध्ये, पॅरीने १८२५ मध्ये, मिलिंजेनने १८३१ मध्ये. प्रत्येकाच्या कथेत चूक दुसऱ्याची. तासांचा हिशेब लावताना हे धरून चालावं लागतं.

त्या रात्री खोकल्याची उबळ आली, ओकारी झाली. ब्रुनो घाबरून गेला. पुन्हा असं झालं तर सकाळी शीर उघडू देईन, असं बायरनकडून त्याने कसंबसं कबूल करून घेतलं.

१६ एप्रिल, गुड फ्रायडे. तीन दिवस.

सकाळी बायरन फिरला. रात्र बरी गेली, आता रक्त काढायची गरज नाही, म्हणाला. ब्रुनो रडकुंडीला आला.

तेव्हा मिलिंजेन पुढे झाला. त्याचं वय तेवीसच्या आसपास. त्याने ना शास्त्र सांगितलं, ना पुस्तकाला पुस्तकाने उत्तर दिलं. एवढंच म्हणाला की जिवाची पर्वा नसेल तर नसो, पण हा आजार मेंदूवर जाऊ शकतो आणि मग शुद्ध कायमची जाईल. फेब्रुवारीत ऐकलेलं त्याने एप्रिलमध्ये वापरलं. आयुष्यभर बायको, प्रकाशक, समीक्षक, मंत्री यांपैकी कुणाचंही न ऐकलेल्या माणसाला नमवायची जागा एकच होती आणि ती त्याने स्वतःच दाखवून ठेवली होती. हे मिलिंजेनने दुष्टाव्याने केलं असं मला वाटत नाही. स्वतःच्या म्हणण्यावर त्याचा पूर्ण विश्वास होता, आणि गोम तिथेच आहे.

बायरनने दोघांकडे जळजळीत नजर टाकली, हात बिछान्याबाहेर फेकला आणि खाटीक म्हणून त्यांचा उद्धार करत सांगितलं, घ्या हवं तितकं, पण एकदाचं उरका.

एक पौंडभर रक्त काढलं. म्हणजे साधारण अर्धा लिटर. आराम पडला नाही, म्हणून दोन तासांनी पुन्हा जवळजवळ तेवढंच. मिलिंजेनच्याच नोंदीप्रमाणे अपेक्षेच्या उलट झालं. तगमग वाढली, बोलण्याचा मेळ सुटला. ज्या भीतीने हात पुढे केला होता ती खरी व्हायला लागली. रक्त कमी काढल्यामुळेच हे झालं, असा अर्थ डॉक्टरांनी लावला.

१७ एप्रिल, शनिवार.

पुन्हा रक्त काढलं. रेचकही चालूच. पाय मुरगळल्यामुळे दोन दिवस घरात अडकलेला गांबा लंगडत आला, तो चेहरा पाहूनच हबकला. बायरनने हलक्या आवाजात त्याच्याच पायाची चौकशी केली. गांबाला रडू आवरेना, तो बाहेर निघून गेला.

याच दिवसांतली एक गोष्ट. तळव्यांना फोड आणणारे लेप लावायचं डॉक्टरांनी ठरवलं. मेंदूकडचं रक्त खाली खेचायचा हा उपाय. मिलिंजेन पांघरूण सारायला लागला तेव्हा बायरनने विचारलं, दोन्ही लेप एकाच पायाला लावले तर चालणार नाही का? त्याचा उजवा पाय जन्मापासून अधू होता. साऱ्या युरोपला तो लंगडतो हे ठाऊक होतं, पण उघडा पाय तो कुणाला बघू देत नसे. मिलिंजेनला कारण उमगलं आणि त्याने लेप गुडघ्यांच्या वर लावले. त्याच्याविषयी रागच येत असताना हे एक त्याच्या खाती जमा करायला हवं.

आणखी एक. आपल्याला कुणाची तरी दृष्ट लागली आहे का हे बघायला गावातली एखादी म्हातारी चेटकीण शोधून आणा, असंही बायरनने याच डॉक्टरला सांगितलं होतं. लहानपणी स्कॉटलंडमध्ये एका ज्योतिषाने सदतिसावं वर्ष जपायला सांगितलं होतं. त्याला आता तेच चालू होतं.

१८ एप्रिल, ईस्टरचा रविवार. दुपारी बारा. ३० तास.

ईस्टरला गावभर बंदुकांचे बार काढायची प्रथा. आजाऱ्याला आवाज सोसणार नाही म्हणून पॅरीने तोफखान्याची माणसं कवायतीच्या निमित्ताने गावाबाहेर नेली, म्हणजे गर्दी आपोआप त्यांच्यामागे गेली. रस्त्यात शांतता राखायला पहारे फिरले. ग्रीक वर्षातला सगळ्यात गजबजीचा सण मिसोलाँगीने दबक्या पावलांनी केला.

आणखी दोन डॉक्टर आले : जर्मन ट्रायबर आणि माव्रोकोर्दातोस या ग्रीक पुढाऱ्याचा वैद्य लुकास वाया. चौघांचा खल झाला आणि चौघांचं जमेना. सिंकोना द्यावा की नाही, आणखी रक्त काढावं की नाही. शेवटी थोडं हे, थोडं ते.

दुपारी तीन.

तीताच्या खांद्याचा आधार घेऊन बायरन उठला. तीता हा त्याचा व्हेनिसचा नावाडी, दाढीवाला, आडदांड. शेजारच्या खोलीत बसला, पुस्तक मागितलं, काही मिनिटं वाचलं, मग घेरी आली आणि परत बिछान्यावर.

पुढे मिलिंजेन, म्हातारा नोकर फ्लेचर आणि तीता खाटेभोवती उभे होते. पहिले दोघे डोळे पुसत बाहेर गेले. तीताला जाता येईना, कारण त्याचा हात बायरनने धरला होता. तो मान फिरवून रडत राहिला. बायरनने त्याच्याकडे बघितलं आणि अर्धवट हसून इटालियनमध्ये म्हणाला, काय बहारदार देखावा आहे!

चार ते सहाच्या दरम्यान.

आता आपण मरणार हे त्याला कळलं होतं. फ्लेचरला जवळ बोलावलं. फ्लेचर वीसेक वर्षं त्याच्यासोबत होता. परदेशाला, परक्या जेवणाला, ढेकणांना शिव्या घालत सगळीकडे मागोमाग आला होता. त्या खोलीत डॉक्टर इटालियन बोलत, जर्मन बोलत, आणि बायरनच्या पदरचा पोऱ्या लुकास (वैद्य वाया नव्हे, दुसरा) ग्रीक. मिलिंजेन आणि पॅरी सोडले तर बायरनचं घरचं बोलणं समजणारा या नोकराशिवाय क्वचितच कुणी जवळ होता. निरोप बायकोसाठी होता, बहिणीसाठी होता, एडासाठी होता.

फ्लेचरने कागद आणू का विचारलं. बायरन म्हणाला, वेळ नाही. मग तो बराच वेळ पुटपुटत राहिला. मधूनच नावं ऐकू येत : ऑगस्टा, एडा, मित्र हॉबहाउस आणि किनेअर्ड. बाकी सगळं घोगऱ्या कुजबुजीत विरून जाई. शेवटी म्हणाला, आता तुला सगळं सांगितलं आहे. ते केलं नाहीस तर मेल्यावरही छळीन.

फ्लेचर म्हणाला, “माय लॉर्ड, मला एक शब्दही कळला नाही.”

बायरनच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते फ्लेचर जन्मभर सांगत राहिला. पुन्हा बोलायचा त्याने प्रयत्न केला, पण ओठ हलले तेवढेच. त्या निरोपात काय होतं हे लेडी बायरनला कळलं नाही, कुणालाच नाही. पुढे लंडनमध्ये फ्लेचरने तिची गाठ घेतली तेव्हा ती हुंदके देत खोलीत येरझारा घालत होती आणि एखादा तरी शब्द आठव म्हणून विनवत होती. त्याच्याकडे द्यायला काही नव्हतं.

डोक्याला बांधलेली पट्टी पॅरीने सैल केली तेव्हा आजाऱ्याला जरा बरं वाटलं, डोळ्यांतून पाणी आलं.

संध्याकाळी सहा. २४ तास.

आता झोपतो, असं म्हणून तो कुशीवर वळला. त्यानंतर त्याच्या तोंडून शब्द निघाला नाही.

डॉक्टर झोपले नाहीत. त्यांनी कानशिलांना पुन्हा जळवा लावल्या आणि रात्रभर रक्त गळत राहिलं.

१९ एप्रिल, सोमवार.

दिवसभर घशात घरघर. फ्लेचर आणि तीता आळीपाळीने डोकं उचलून धरत होते. करण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून डॉक्टरही आता काही करत नव्हते.

संध्याकाळी सव्वासहाला त्याने डोळे उघडले आणि मिटले. फ्लेचरने नाडी पाहिली. त्याच सुमाराला गावावर मोठं वादळ आलं, विजा कडाडल्या, आणि थोर माणूस गेला म्हणत लोक रस्त्यावर आले, असं पॅरी सांगतो. कवीच्या मरणाला गडगडाट हवाच, या हिशेबाने मी आधी ते सोडून देणार होतो. पण त्या हवेत एप्रिलभर वादळं होतच होती.

नंतर.

माव्रोकोर्दातोसच्या हुकमाने दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला तोफा सुरू झाल्या, मिनिटाला एक, एकूण सदतीस, वयाच्या चालू वर्षाइतक्या. ईस्टरचे उरलेले सोहळे रद्द झाले, औषध आणि अन्नधान्य सोडून दुकानं तीन दिवस बंद राहिली, एकवीस दिवस सुतक. खाडीपलीकडून तुर्कांनीही बार काढले, आनंदाचे. डॉक्टरांनी शवविच्छेदन केलं. मित्र ट्रेलॉनी काही दिवसांनी पोहोचला. त्याने फ्लेचरला बाहेर घालवून चादर वर करून पाय पाहिले आणि नंतर ते छापलं. तेही दोन वेळा, दोन वेगळ्या तऱ्हांनी.

ग्रीसच्या कर्जाचा पहिला हप्ता घेऊन इंग्लंडहून निघालेलं ‘फ्लोरिडा’ जहाज झांतेला पोहोचलं ते तो गेल्यानंतर काही दिवसांतच. परत जाताना त्याच जहाजातून त्याचा देह गेला. बातमी लंडनला १४ मे रोजी कळली. १७ मे रोजी प्रकाशक जॉन मरेच्या अल्बेमार्ल स्ट्रीटवरच्या घरात मित्रांनी त्याच्या आठवणींचं हस्तलिखित शेकोटीत घातलं. मरेने स्वतः ते वाचलंही नव्हतं. वेस्टमिन्स्टर ॲबेने जागा नाकारली, तेव्हा १६ जुलै रोजी नॉटिंगहॅमजवळच्या हकनॉल टॉर्कार्डच्या लहानशा चर्चमध्ये घराण्याच्या तळघरात त्याला ठेवलं. ॲबेत त्याच्या नावाची शिळा बसायला १९६९ साल उजाडलं.

इतरत्र लोक इतके थांबले नाहीत. पंधरा वर्षांचाही नसलेल्या टेनिसनने बातमी ऐकून रानातल्या खडकावर ‘बायरन गेला’ असं कोरलं. झारने मिखाइलोव्स्कोयेला नजरकैदेत ठेवलेल्या पुश्किनने वर्षभराने गावच्या चर्चमध्ये ‘देवाचा दास गेओर्गी’ या नावाने त्याच्यासाठी प्रार्थना करवली. मॅझिनीने बायरन आणि गटे यांच्यावर निबंध लिहून बजावलं की लोकशाहीवर या कवीचं ऋण आहे. हा तोच मॅझिनी, ज्याचं आत्मचरित्र सावरकरांनी १९०७ मध्ये मराठीत आणलं आणि सरकारने जप्त केलं. मिसोलाँगी १८२६ मध्ये वर्षभराच्या वेढ्यानंतर पडलं, बायरनचं घरही त्यात गेलं. पण तोवर या गावाचं नाव युरोपात घरोघरी झालं होतं आणि पुढच्याच वर्षी इंग्लिश, फ्रेंच आणि रशियन आरमारांनी नवारिनोला तुर्की ताफा बुडवला.

मिलिंजेन १८२५ मध्ये शत्रूच्या हाती सापडला आणि तिकडेच राहिला. कॉन्स्टँटिनोपलला त्याची वैद्यकी जोरात चालली. ओळीने पाच सुलतानांचा तो राजवैद्य झाला आणि १८७८ पर्यंत जगला. बायरनच्या मरणाविषयी त्याने आपल्या पुस्तकात निदान लिहून ठेवलं आहे : रक्त काढायला रुग्णाने फार उशिरा होकार दिला.